दहा महिन्यांच्या सेवेत सुट्टीचा दिवस कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर आणि पुण्याच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले, सात तरुण-तरुणी जूनपासून दहा महिने कोल्हापूर जिल्ह्यात सेवेला येणार आहेत. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलंय: "आमचे पुढारी म्हणतात, प्रभूचं काम थांबत नाही, पूर्वीच्या मिशनऱ्यांनी कधी सुट्ट्या घेतल्या होत्या? मला मात्र पन्हाळा बघायचाय, रंकाळ्यावर बसायचंय, आणि असं वाटलं की लगेच अपराधी वाटतं. लोकांनी देणग्या दिल्यात त्या सेवेसाठी. मग सेवा, विश्रांती आणि मजा यांचं कसं जमवायचं?"

मी कोल्हापुरातच असते आणि बाहेरून येणाऱ्या अशा संघांची राहण्या-जेवणाची, गावं ठरवण्याची व्यवस्था बरीच वर्षं बघते आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुढाऱ्यांच्या मुद्द्याचं बघू. पूर्वीचे मिशनरी विश्रांती घेत नव्हते, हे खरं नाही. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून इथल्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम सुरू झालं. १८७७मध्ये त्याच मिशनचं ठाणं पन्हाळ्यावर झालं. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, शहरापासून वीसेक किलोमीटर. हिंदुस्थानातली जवळजवळ सगळीच मिशनं उन्हाळ्यात आपल्या माणसांना थंड हवेला पाठवायची, काही वर्षांनी लांब रजेवर मायदेशीही धाडायची. एवढी शिस्त होती म्हणून ती माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं टिकली. तेव्हा पुढाऱ्यांना सांग, जुन्या मिशनऱ्यांचा दाखला द्यायचा तर पुरा द्या. त्यांचं सामान पन्हाळ्यावर कोणाच्या डोक्यावरून चढलं, हा प्रश्न मात्र माझ्या मनात येतोच, आणि तुला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं.

बायबलमधल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आहे. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल, तुझ्या दासीच्या मुलाला आणि परक्यालाही ताजंतवानं वाटेल. आज्ञा मालकाला आहे, पण कारण सांगताना नावं घेतली आहेत ती त्याच्यासाठी राबणाऱ्यांची. दीर्घ सेवेवर निघालेल्या संघाने सुट्टीचा विचार इथून करावा, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही दमलात का, हा प्रश्न दुसरा. तुमच्यामुळे कोण दमतंय, हा पहिला.

आता ते जवळून दाखवते. पन्हाळा किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या गावात तुम्ही उतरणार ते बहुधा पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) नाहीतर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या घरी. घरात वहिनी. पहाटे पाचला उठून त्या सातजणांचं अंघोळीचं पाणी तापवतात. चहा, पोहे होतात. मग त्या भांगलणीला (खुरपणीला) किंवा रोप लावणीला जातात, कारण जून-जुलैत शेत थांबत नाही. दिवस मावळता परत आल्या की चूल. तुम्ही सात आणि घरचे चार, म्हणजे भाकऱ्या तीसच्या आत भागत नाहीत. तीस भाकऱ्या थापून झाल्यावर वहिनी तुमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला येऊन बसतात आणि दुसऱ्या गाण्याला त्यांचे डोळे मिटतात. एका संघातला मुलगा मला कौतुकाने सांगत होता, वहिनी किती भक्तिभावाने डोळे मिटून बसतात म्हणून!

अशा घरात संघाने सोमवारी सुट्टी घेतली आणि दिवसभर घरातच लोळत काढला, तर वहिनींना काम वाढतं. नाष्टा दहाला, चहा दोनदा जास्त, दुपारचं जेवण गरम. म्हणून माझा पहिला नियम हाच असतो की सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा पिऊन घराबाहेर पडायचं आणि रात्रीचं जेवण बाहेर उरकूनच परत यायचं. आदल्या रविवारी स्पष्ट सांगायचं, उद्या आमच्यासाठी चूल पेटवू नका. वहिनी म्हणणारच, "आसं कसं? पाव्हणं भाईर जेवत्यात व्हय?" त्यावर तुम्ही वाद घालू नका. पाळकांना सांगायला लावा. आणि खाणाखर्चाचे पैसे पाकिटात घालून द्यायचे ते जी राबते तिच्या हातात.

सोमवार का, तर रविवार तुमचा सगळ्यात जड दिवस असतो. सकाळची उपासना, मुलांची रविवारची शाळा, दुपारी घरभेटी, संध्याकाळी एखाद्या वाडीवर प्रार्थना. पाळकही सोमवारीच जरा मोकळे असतात. आणि सोमवारी पन्हाळ्याला गर्दी कमी. रविवारी गेलात तर तीन दरवाजाजवळ माणसांच्या गर्दीत उभे राहाल आणि भजी खाऊन परत याल. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत तर त्या रस्त्याचं नावच काढू नका.

एक गोष्ट पुढारी हमखास विसरतात. प्रवासाचा दिवस हा विश्रांतीचा दिवस धरायचा नसतो. गगनबावड्याकडचं काम संपवून गडहिंग्लजकडे जायचं तर बोचकी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी बदलायची, पावसात एसटीची वाट बघायची, नव्या घरी पोचून पुन्हा सगळ्यांशी ओळखी करायच्या. तो कामाचाच दिवस. पण वेळापत्रकात त्या दिवसापुढे "आराम" लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

पाहुणचाराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण कोल्हापुरात संघ कामाने दमत नाही एवढा जेवणाने दमतो. मंडळीतलं प्रत्येक घर बोलावतं. प्रत्येक घरी तांबडा-पांढरा, मटण, वर आग्रह. रात्री अकराला तिसऱ्या घरचा रस्सा पिऊन सकाळी सहाच्या प्रार्थनेला कोण ताजंतवानं उठणार? प्रभू येशूने सत्तर शिष्यांना पाठवताना बजावलं होतं, ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे ठेवतील ते खा, घरोघर फिरू नका. हा उपदेश आम्ही पत्रिकेवर छापतो आणि पहिल्याच आठवड्यात मोडतो. मोडण्याची कारणं चांगलीच असतात, नाही म्हटलं तर घरचे दुखावतात. पण ज्या घराला परवडत नाही तेही खाटकाकडून उधारीवर मटण आणतं, आणि तुम्ही पुढच्या गावी गेल्यावर ती उधारी फेडत बसतं.

यावर इथे चालणारी पद्धत सांगते. आठवड्यातली एकच संध्याकाळ आमंत्रणांची, जास्तीत जास्त दोन घरं, बाकीच्या घरी फक्त चहा. पाळकांकरवी आधीच कळवायचं की पोरांना पिठलं-भाकरी आवडते, मिरचीचा ठेचा असला की झालं. घरच्या माऊलीला हे पटतं, कारण शहरातल्या पोरांना गावचं साधं जेवण हवं असतं हे तिला माहीत असतं. पोटालाही सुट्टी मिळते.

दुसरं दुखणं संघातल्याच मुलींचं, आणि तू मुलगी आहेस म्हणून स्पष्टच लिहिते. कार्यक्रम संपला की मुलं गावच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायला जातात. मुली स्वयंपाकघरात लसूण सोलत बसतात. कोणी सांगितलेलं नसतं, पण घरात बाई एकटी राबताना दुसऱ्या बाईला बाहेर बसवत नाही. महिन्याभराने मुलांची तब्येत छान आणि मुली चिडचिड्या. मग पुढारी म्हणतात, बहिणींनी प्रार्थनेत कमी पडू नये! अशा वेळी कामाची पाळी लावायची ती मुलांसकट. मुलगा भांडी घासायला बसला की वहिनींना संकोच वाटतो, शेजारपाजारच्या बायका जमून बघतात, पण तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाक पूर्ण तुमच्याकडे घ्या आणि वहिनींना पाटावर बसवा. तुमच्या भाकऱ्या नकाशासारख्या होतील, अख्खं घर हसेल, आणि वहिनी तुम्हाला थापायला शिकवतील. त्या संध्याकाळी सेवा कोणती आणि करमणूक कोणती, हे मला वेगळं काढता येत नाही.

आता मजेचं. अपराधी वाटतं म्हणतेस. मजा दोन जातीची असते एवढं लक्षात घे, म्हणजे गोंधळ कमी होईल. एक इथल्या लोकांबरोबरची. हिवाळ्यात साखर कारखाने सुरू झाले की गुऱ्हाळंही पेटतात. संध्याकाळी काहिलीजवळ उभं राहून गरम गूळ खायचा, रस प्यायचा, घरमालक उसाची कांडी हातात देतील ती सोलायची. शहरात असाल तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघा. कोल्हापूरला लोक कुस्तीचं गाव म्हणतात आणि खासबागचं मैदान आहेच, पण इथल्या पेठांचं खरं वेड फुटबॉलचं. तुम्ही ज्या पेठेत उतरलात त्या पेठेचा संघ तुमचा. तटस्थ राहायचा प्रयत्न करू नका, कोणालाच आवडत नाही. गंगावेशीत रात्री समोर धार काढून दिलेलं दूध प्या. यात पैसे फारसे जात नाहीत आणि ओळखी घट्ट होतात. देवालाही त्या मंडळींबरोबर तुम्ही हसलात याची अडचण नसावी, काना नावाच्या गावातल्या लग्नात येशू पाहुणा म्हणून गेलाच होता.

दुसरी मजा फक्त तुमची. तिथे तुम्हाला कोणाचा पाळक, शिक्षक, समुपदेशक व्हायचं नसतं. पन्हाळ्याला गेलात तर पत्रकं खोलीवर ठेवून जा. सहलीला गेलेल्या संघाने तिथल्या माणसांना गाठून सुवार्ता सांगायला लागणं मला मुळीच पटत नाही. ज्या माणसाशी ओळख नाही, पुढे भेट नाही, त्याच्यापुढे पत्रक धरून काय साधतं? शिवाय सध्याच्या दिवसांत त्याचा त्रास तुम्हाला नाही, तुम्ही गेल्यावर इथे राहणाऱ्या छोट्या मंडळीला होतो. अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात किंवा जोतिबाच्या डोंगरावर कोणी प्रेमाने फिरायला नेलं तर पाहुण्याच्या मर्यादेने वागा. राधानगरी, दाजीपूरकडे गवे बघायला जायचं असेल तर पाऊस संपल्यावरच, पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.

आणि सक्तीची मजा नको. काही पुढाऱ्यांना सुट्टीचासुद्धा कार्यक्रम करायची सवय असते. पहाटे पाचला सगळ्यांनी तयार, गाडीत गाणी, गडावर खेळ, खेळानंतर मनन, मननानंतर सामूहिक फोटो. संध्याकाळी माणसं आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेली. सातजणांत दोघांना डोंगर हवा असतो, दोघांना झोप, एकीला दिवसभर कोणाशी बोलायचंच नसतं. सोमवारचा अर्धा दिवस एकत्र आणि अर्धा दिवस ज्याचा त्याचा, अशी वाटणी बहुतेक संघांना मानवते. सुरक्षिततेसाठी मुलींनी कुठे जातोय ते एकमेकींना सांगून जावं, एवढंच बंधन.

एकटं राहायला जागा कुठे, हा गावात मोठा प्रश्न. एका खोलीत चार अंथरुणं, दारात शेजारची पोरं. आठवड्याच्या मधल्या दिवशी चर्चची इमारत रिकामी असते, पाळकांकडून किल्ली मागून घ्या. शहरात असाल तर रंकाळ्याचा काठ सकाळी सातच्या आत चांगला, संध्याकाळी तिथे भेळ आणि गर्दी. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५०पासूनचं जुनं ग्रंथालय आहे, वाचायची आवड असेल तर तिथे डोकावून या. कोणी विचारणार नाही तुम्ही कुठल्या संस्थेचे म्हणून.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायावर तुमचे पुढारी नक्की प्रवचन करतील. शिष्य सेवेवरून परत आले, जेवायलाही सवड होईना, म्हणून येशू त्यांना म्हणाला, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. पुढे काय झालं तेही वाचा. लोक त्यांच्या आधी तिथे पोचले, विसावा बुडाला, आणि पाच हजारांना जेवू घालायचं काम अंगावर आलं. सुट्टी मोडते हे शास्त्रातच आहे. पण त्यानंतर त्याने शिष्यांना लगेच मचव्यात बसवून पुढे धाडलं, लोकांना निरोप द्यायचं काम स्वतःकडे घेतलं, आणि मग एकटा डोंगरावर गेला. शिष्यांना मोकळं करायला पुढारी स्वतः मागे थांबला. तुमच्या पुढाऱ्यांना ही ओवी अधोरेखित करून दे, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

मोडलेली सुट्टी भरून काढायची असते, हे इथे पुराने शिकवलंय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळीवर येतं आणि ४३ फुटांना धोका पातळीवर. २०१९ आणि २०२१मध्ये ते याच्या कितीतरी वर गेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं. तुम्ही जूनमध्ये येताय, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये असा प्रसंग आला तर घरातला चिखल उपसायला तुम्हीही जाणार, जायलाच हवं. पहिले तीन दिवस कोणालाच झोप लागत नाही, उत्साह असतो. माणसं कोसळतात ती पाणी उतरल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा कॅमेरे गेलेले असतात आणि कुजलेल्या धान्याचा वास राहिलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी संघाच्या दोन तुकड्या करा. एक कामावर, एक झोपलेली. पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारून लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी घ्या, पायात गमबूट घाला. आणि काम संपल्यावर बुडालेले सगळे सोमवार सलग घ्या. "आता इतके दिवस गेलेच, पुढच्या महिन्यात बघू" असं ऐकलंस की समज, ते सोमवार बुडाले.

पूर नसला तरी वर्षाचा अंदाज घेऊन ठेवा. पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडे दिवसा कोणी घरी सापडत नाही, कपडे वाळत नाहीत, वीज जाते. सकाळचे तास झोप आणि अभ्यासाला वापरा, काम संध्याकाळचं. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या पालांवर मुलांचे वर्ग घेणार असाल तर तोही उद्योग संध्याकाळचाच, कारण टोळी उजाडायच्या आत फडात असते. डिसेंबर सगळ्यात कठीण. कॅरलच्या फेऱ्या मध्यरात्र उलटेपर्यंत, प्रत्येक घरी चहा आणि करंजी, वर नाताळची नाटिका. जानेवारीचा पहिला आठवडा आत्ताच कोरा सोडा. एप्रिल-मेसाठी राहणार असाल तर सुट्टीतल्या शास्त्रशाळा, म्हणजे मुलांचे बायबलचे वर्ग, असतात, त्याही दमवतात, पण तोवर तुमचे दहा महिने संपलेले असतील.

तोल गेला हे ओळखायचं कसं? झोप उडणं, डोकं दुखणं हे सगळ्यांना कळतं. मी वेगळ्याच गोष्टीकडे कान ठेवते. दमलेला संघ यजमानांची थट्टा करू लागतो. रात्री खोलीत कोणीतरी पाळकांच्या बोलण्याची नक्कल करतं, कोणी वहिनींच्या हेल काढून बोलण्याची, सगळे खिदळतात. मनात वाईट काही नसतं, थकवा बाहेर पडतो. पण भिंत पातळ असते आणि पलीकडे घरचा बारावीतला मुलगा अभ्यास करत असतो. ही नक्कल ऐकू आली की मी त्या संघाचा पुढचा कार्यक्रम रद्द करून त्यांना दोन दिवस शहरात आणून ठेवते, यजमानांना काही कारण न सांगता.

राहिले देणगीदार. त्यांना लपवू नका, एवढंच. अंदाजपत्रकात सुट्टीचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा: बसभाडं, बाहेरचं जेवण, तीन महिन्यांनी चार दिवसांची रजा. हौसेचं खाणं, खरेदी, चपला, साज वगैरे ज्याच्या त्याच्या खिशातून. महिन्याच्या अहवालात गुऱ्हाळावरचा एक फोटो घाला. गावातल्या मुलांचे फोटो मात्र आईबापांना विचारल्याशिवाय कुठेच टाकायचे नाहीत, अहवालातही नाही. माझ्या अनुभवात मंडळीतल्या साध्या माणसांना तुमच्या सुट्टीचं वावगं वाटत नाही. ती स्वतः नोकरी करतात, रविवारची वाट बघतात. वावगं वाटतं ते सगळे फोटो वधस्तंभाखाली हात जोडलेले पाठवून नंतर इन्स्टाग्रामवर पन्हाळ्याची रील सापडली की.

तेव्हा पुढाऱ्यांना सांग, मे संपायच्या आत वेळापत्रक इथल्या पाळकांकडे पाठवा. सोमवारचा रकाना कोरा असू दे, आणि पाळकांनी तो कागद आधी घरात वहिनींना वाचून दाखवावा. त्यांच्या भांगलणीच्या आठवड्यात सातजण उतरणार असतील तर त्या सांगतील, चारच पाठवा.